पायांची ओपीडी

सिस्टर, एवढा वेळ मी एकट्यानं बोलणार आणि तुम्ही मधेच खिशातून चिकटपट्टी काढणार नाही, असं आपल्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदा घडतंय. खरं तर मी खूश व्हायला हवं. रंगमंच मोकळा, प्रकाशझोत माझ्यावर, विंगेतून "पुरे आता" म्हणणारं कोणी नाही. पण अकरा दिवस झाले, मी कागद घेऊन बसतो, पहिलं वाक्य लिहितो आणि दाराकडे बघतो.

हॉस्पिटलात तुमच्यासाठी सभा झाली. भाषण अर्थातच माझं. तुमची तुरुतुरु चाल करून दाखवली, चष्म्यावरून बघत "हं, पुढं?" म्हणायची तुमची लकब काढून दाखवली. लोक हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. सरांनी पाठ थोपटली. खाली उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की वीस मिनिटांत एक गोष्ट मी फार सफाईनं चुकवली होती. ती इथं सांगायचीय. तुम्हाला ती माहीत आहेच. मला ती कळलीय, हे मात्र तुम्हाला माहीत नाही.

पण मी गोष्ट मधून सुरू करत नाही. सुरुवातीपासून येतो. तुम्हाला घाई असेल तर ती आता चालणार नाही.

आपली गुरुवारची ओपीडी. नाशिकच्या गंगापूर रोडजवळच्या आपल्या हॉस्पिटलचा तळमजला, एका बाजूला माझी ईसीजीची खोली, समोर तुमचं टेबल, मधे बाक. ज्यांच्या हृदयाचा पंप दमलाय अशी माणसं त्या बाकावर बसायची. हृदय दमलं की अंगात पाणी साठतं, आधी पावलांत, मग पोटात, मग छातीत. मी यंत्राला वायरी जोडून आलेख काढायचो, आपले डॉक्टर सर छातीला नळी लावायचे, पण निकाल आमच्याआधी तुम्ही लावलेला असायचा. पेशंट बाकावर टेकला की तुम्ही खाली वाकून त्याच्या नडगीवर अंगठा दाबायचात, मनात पाच मोजायचात आणि अंगठा उचलून पडलेला खड्डा किती वेळ राहतो ते बघायचात. "तोंडाचं काय खरं नाही. नडगीला विचारायचं," असं नव्या नर्सेसना सांगायचात. आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, "तोंडाचा नमुना हा समोर बसलाय."

मग करोना आला. आपला हृदयाचा वॉर्ड आठवड्याभरात करोनाच्या पेशंटना दिला गेला. गुरुवारचा बाक उलटा करून जिन्याखाली ठेवला. ज्यांना महिन्याला तपासायचं ती माणसं घरात अडकली, आणि जी येऊ शकत होती त्यांना हॉस्पिटलच्या दाराचीच भीती वाटायला लागली. सरांनी आपल्या दोघांना बोलावून सांगितलं, "गुरुवार आता फोनवर करा. सगळ्यांना आळीपाळीनं विचारा. कोणाचं बिघडतंय वाटलं की मला द्या." दोन फोन मिळाले, फायलींचा ढीग मिळाला आणि बसायला चादरी ठेवायची खोली मिळाली.

"फोनवर पाय दिसतात का?" तुम्ही सरांना विचारलंत.

"व्हिडिओ कॉल करता येईल," मी म्हणालो.

"पेठच्या डोंगरात? आवाज पोचला तरी पुष्कळ."

"मग काळजीच नाही, सिस्टर. आवाज म्हणजे माझा प्रांत."

"तीच तर काळजी आहे," तुम्ही म्हणालात.

आणि दुसऱ्याच दिवशी तुमची काळजी मी खरी केली. पेठकडच्या चौधरी आजी मला दाद देईनात. "तुमी कोण? मला डाक्टरशी बोलायचंय. तुमच्याशी नाय." मी पुष्कळ समजावलं. शेवटी मी म्हणालो, "थांबा, देतो," फोन क्षणभर लांब धरला आणि सरांचा आवाज काढला. तो जड, घशातून येणारा, प्रत्येक वाक्याआधी "हां" म्हणणारा आवाज. हां, आजी, बोला. हां, गोळ्या चालू आहेत ना. आजी विरघळल्या. मी रंगात येऊन सरांसारखा खोकलोसुद्धा. वळून बघतो तर दारात तुम्ही, हातात चादरींचा गठ्ठा.

ओरडला नाहीत. गठ्ठा ठेवलात, फोन माझ्या हातातून घेतलात आणि म्हणालात, "आजी, आत्ता बोलत होते ते डॉक्टर नव्हेत. आमचे ईसीजीवाले आहेत. आवाज त्यांचा चांगला आहे. अक्कल मी देते."

फोन स्पीकरवर होता. आजी म्हणाल्या, "मंग ह्यांनाच ठेवा. डाक्टर लय घाई करत्यात."

तुम्ही हसू दाबलंत, ते मी मास्कवरूनही ओळखलं. पण त्या दिवसापासून तुमच्या खिशात चिकटपट्टीचं रीळ आलं. मी फोनवर फार बोलायला लागलो की तुम्ही दोन तुकडे फाडून माझ्या मास्कवर फुली मारायचात. पेशंट बोलत असेल तेव्हा फुली, बोलून झालं की तुम्ही ती काढणार. मी आयुष्यात अनेक दिग्दर्शकांच्या हाताखाली कामं केली, कोणी मला इतक्या थोडक्यात गप्प केलं नाही.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी माझी वही तुमच्यासमोर टाकली. एकाखाली एक ओळीनं "बरे", "बरे", "बरे", "बरे".

"सगळे बरे?" तुम्ही विचारलंत.

"मी विचारलं कसं काय, ते म्हणाले बरंय. आता मी काय करू?"

"तुझ्या घरी कोणी फोन करून विचारलं तर तू काय म्हणतोस?"

"बरंय म्हणतो."

"परवा तुझी दाढ सुजली होती तेव्हा?"

"तेव्हाही बरंयच म्हटलं."

"मग?" तुम्ही म्हणालात. "बरंय म्हणजे नमस्कार. नमस्कार झाला की मग पुढचं विचारायचं असतं."

आणि ते पुढचं तुम्ही त्याच खोलीत, चादरींच्या गठ्ठ्यावर बसून शोधून काढलंत. फोनवर अंगठा दाबता येत नाही, तर मग माणसाच्या अंगावर आधीच काय काय बांधलेलं असतं ते विचारायचं. बायकांना विचारायचं, जोडवी रुततात का. पुरुषांना विचारायचं, कमरेचा करदोडा घट्ट झालाय का. सगळ्यांना विचारायचं, चपला बसतात का, की नव्या घेतल्या. उशा किती लागतात. आणि शेवटी, काहीतरी सांगायला लावायचं, काहीही, आणि वाक्य कुठं तुटतं ते ऐकायचं. "छातीत पाणी असलं की माणसाला वाक्य एका दमात संपवता येत नाही," तुम्ही म्हणालात. "आणि जिथं तुटतं तिथं तो हसतो. लपवायला. तिथं तू बोलायचं नाहीस."

"समोरचा थांबला की आपण बोलायचं असतं, सिस्टर. नाटकाचा नियम आहे."

"म्हणूनच फुली," तुम्ही म्हणालात.

मी त्या प्रश्नांची टवाळी केली, हे कबूल करतो. हृदयरोगाचा एवढा मोठा विभाग आणि आम्ही लोकांच्या करदोड्याची चौकशी करणार. सरांपुढे मी त्याचा छोटा प्रवेशही करून दाखवला. सर हसले. तुम्ही हसला नाहीत.

मग निकमकाका. नाशिक रोडचे, प्रेसमधून रिटायर झालेले, उमेदीत गणपतीच्या नाटकांत खलनायक. त्यांचा फोन म्हणजे माझी मेजवानी. त्या सोमवारी आम्ही वीस मिनिटं बोललो. एका प्रयोगात त्यांची मिशी गळून नायिकेच्या खांद्यावर पडली आणि त्यांनी ती उचलून पुन्हा लावत संवाद पूर्ण केला, ही गोष्ट त्यांनी मला तिसऱ्यांदा सांगितली. मधे मधे थांबत होते, हसत होते, आणि ते थांबले की पुढचं वाक्य मीच पूर्ण करत होतो, मला पाठ होतं ना. तुम्ही त्या वेळी वर ऑक्सिजनच्या कामाला गेला होतात, त्यामुळे फुली नव्हती. मी वहीत लिहिलं, "बरे. आनंदी."

बुधवारी तुम्ही वही चाळलीत. "आनंदी" या शब्दावर बोट ठेवलंत आणि फोन लावलात. काकूंनी उचलला.

"काकू, काकांचा करदोडा कसा आहे?"

"अहो सिस्टर, तो तर परवाच कात्रीनं कापला. रुतायला लागला होता."

"कधी बांधला होता?"

"पाडव्याला नवा बांधला की. चांगला सैल होता. घरी बसून बसून पोट सुटलंय हो त्यांचं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. फोनवर म्हणालात, "पोट नाही सुटलेलं. असतील तसे घेऊन या. रिक्षा मिळत नसेल तर मला सांगा, मी पोलीस चौकीत बोलते."

शेजाऱ्याच्या रिक्षातून ते आले. वॉर्डात करोना, कॅज्युअल्टीत करोना. तुम्ही गेटवर आडव्या उभ्या राहिलात. "हृदयासाठी आत नेऊ आणि दुसरंच काही घेऊन घरी पाठवू. मी आत नेणार नाही." आणि रिक्षा पार्किंगच्या पत्र्याच्या शेडखाली लावायला लावलीत. वैशाखातलं ऊन, अंगात तो प्लास्टिकचा झगा, आणि तुम्ही जमिनीवर गुडघे टेकून रिक्षातून बाहेर आलेल्या निकमकाकांच्या पायावर अंगठा दाबलात. खड्डा पडला तो भरेचना. सर खाली आले, तिथंच तपासलं, लघवी होऊन पाणी उतरण्याचं इंजेक्शन तिथंच दिलं. मग लक्षात आलं की इंजेक्शन दिलं, पण काकांनी जायचं कुठं? वॉचमनच्या मोरीला त्या दुपारी काकांनी सहा फेऱ्या मारल्या. दर फेरीला मी हातात मोजपात्र घेऊन बाहेर उभा, आणि आतून काका म्हणतायत, "प्रेक्षकांनी कृपया शांतता राखावी." संध्याकाळी ते एक अख्खं वाक्य न थांबता बोलले. तुम्ही घड्याळ बघून ते ऐकलंत आणि म्हणालात, "आता घरी जा."

दुसऱ्या दिवशीपासून ती आपली ओपीडी झाली. सरांनी नाव काहीतरी इंग्रजी दिलं होतं, आपण म्हणायचो पायांची ओपीडी. फोनवर जोडवी किंवा चपला कुरकुरल्या की त्या माणसाला गुरुवारी पार्किंगमध्ये बोलवायचं. गाडीतून उतरायचं नाही, नुसते पाय बाहेर. काय दृश्य होतं ते. ओळीनं रिक्षा, मारुती, जीप, आणि प्रत्येकीच्या दारातून दोन दोन पाय. सटाण्याहून एक पिकअप यायची, मागे कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर तीन म्हातारे बसलेले. तुम्ही मूळच्या तिकडच्याच, बागलाणातल्या, त्यांना बघून तुमची भाषाच बदलून अहिराणी व्हायची. ते म्हणायचे, "बठं बेस शे, ताई," म्हणजे सगळं बरंय. तुम्ही म्हणायचात, "तोंड बेस शे. पाय काय म्हनतस?" आणि तुम्ही छोटं स्टूल सरकवत या पायांवरून त्या पायांवर, मागे मी वही घेऊन. ज्याचा खड्डा राहील त्याला इंजेक्शन, जास्त राहील त्याच्यासाठी वर सरांना फोन. त्या दोन वर्षांत आपली माणसं गेली नाहीत असं नाही. चौधरी आजी गेल्या. त्यांच्या जाण्याची बातमी तुम्ही मला दोन दिवस सांगितली नव्हती, कारण मला त्या दोन दिवसांत लोकांना फोनवर हसवायचं होतं. पण ओळीतले पाय दर गुरुवारी परत दिसत राहिले, त्यात तुमचा अंगठा होता.

इथवरची गोष्ट मी सभेत सांगितली, सिस्टर. इथंच थांबलो आणि टाळ्या घेतल्या. आता पुढची.

सगळं निवळलं. वॉर्ड परत मिळाला, बाक जिन्याखालून निघाला. मॅनेजमेंटला पार्किंग हवं होतं, लोकांच्या गाड्या रस्त्यावर लागत होत्या. मीटिंग ठरली. तुमचं म्हणणं एवढंच होतं की महिन्यातला एक गुरुवार, दोन तास, ती शेड आपल्याला राहू द्या. डोंगरातून, खेड्यातून येणाऱ्यांना आतल्या रांगा आणि बाकावरचं ताटकळणं झेपत नाही, म्हणून ते येत नाहीत आणि फोनवर बरंय म्हणतात. "मी बोलले तर भांडण होईल," तुम्ही दुपारी डबा खाताना म्हणालात. "तू बोल. निकमांची गोष्ट सांग. मिशीसकट सांग, मला चालेल."

मी तयारी केली. तुमच्यासमोर करून दाखवली. तुम्ही पहिल्यांदाच म्हणालात की छान झालं.

मीटिंगच्या सुरुवातीलाच सरांनी जाहीर केलं की फोनची ओपीडी आता कायमची, आणि ती माझ्याकडे. स्वतंत्र खोली, दारावर नाव. सगळ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग पार्किंगचा विषय आला. मॅनेजर म्हणाले, फोन इतका चांगला चाललाय तर शेडची गरज उरली नाही. सर म्हणाले, "कोणाला काही बोलायचंय?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होतो. बोललो असतो तर नुसत्या फोनवर, म्हणजे माझ्या नव्या खोलीत, अर्धंच काम होतं, हे मीच सांगितल्यासारखं झालं असतं. मी गप्प बसलो. आयुष्यात एकदाच, कोणी फुली न मारता.

बाहेर लिफ्टपाशी तुम्ही म्हणालात, "मी सगळ्यांना सांगत होते, याला बोलता येतं." बस, एवढंच. लिफ्ट आली, तुम्ही जिन्यानं गेलात.

त्यानंतर तो विषय तुम्ही काढला नाहीत, मीही नाही. चार महिन्यांनी तुम्ही रिटायर झालात. निरोपाचं भाषण माझंच, त्यात सगळ्यांना हसवलं, तुम्हीही हसलात, डोळे पुसलेत. पण मीटिंगबद्दल माफी मागायची राहूनच गेली. नाशिक रोडला धाकट्या बहिणीकडे, शोभाताईंकडे राहायला गेलात, आणि मी दर गुरुवारी फोन करायला लागलो. माझ्या यादीतलं शेवटचं नाव तुमचं. पेशंट संपले की मी खुर्ची मागे टाकायचो आणि म्हणायचो, "सिस्टर, आता खेळ सुरू." दर वेळी ठरवायचो की आज मीटिंगचं बोलू. आणि दर वेळी आठवड्याभराच्या गमती सांगत सुटायचो, कारण तुम्ही हसलात की मला माफ केल्यासारखं वाटायचं. तुमची परवानगी न घेताच मी ते हसणं माफी म्हणून ठेवून घेत होतो.

शेवटच्या गुरुवारचा फोन मला शब्द न् शब्द आठवतो. पाठांतर हा माझा धंदाच आहे.

"कशा आहात?"

"बरंय," तुम्ही म्हणालात.

मी पुढचं विचारलं नाही. तुम्हाला कोण विचारणार? प्रश्नच तुमचे होते.

मग तुम्ही म्हणालात, "नव्या चपला घेतल्या. एक नंबर मोठ्या."

आणि मी सुटलो. या वयात चपला बदलता म्हणजे कुठं लग्नबिग्न ठरवताय की काय. दुकानदाराला अंगठा दाबून दाखवलात का. आधीच तुमच्या चपलांचा आवाज ऐकून वॉर्ड जागा व्हायचा, आता नाशिक रोडला जाग येणार. दहा मिनिटं चपला. तुम्ही हसत होतात. "अरे, ऐक तर," म्हणालात एकदा, आणि मधेच थांबलात, आणि हसलात. त्या थांबण्यात मी पुढचा विनोद घातला. जागा रिकामी होती, मला रिकामी जागा बघवत नाही. पुन्हा एकदा म्हणालात, "मी काय म्हणते," आणि पुन्हा थांबलात. मी म्हणालो, "पुढच्या गुरुवारी, सिस्टर, आता डबा खातो."

सोमवारी सकाळी चहा ठेवताना तुम्ही ओट्यापाशीच खाली बसलात. शोभाताईंनी रिक्षा बोलावली, पण दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता.

तिसऱ्या दिवशी मी शोभाताईंच्या घरी गेलो. दाराशी चपला होत्या, नव्या कोऱ्या, तळवे न झिजलेले. शेजारी जुन्या. शोभाताई म्हणाल्या, "दोन महिने पाय सुजत होते तिचे. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, गुरुवारी त्याचा फोन येतो, त्याला सांगते, तो सरांची वेळ घेईल. गुरुवारी फोन झाल्यावर मी विचारलं, सांगितलंस का? म्हणाली, सांगितलं. मी विचारलं, मग काय म्हणाला?"

शोभाताई थांबल्या. मी तिथं बोललो नाही, सिस्टर. एवढं तरी शिकलो होतो.

"म्हणाली, खूप हसवलं त्यानं."

ही ती गोष्ट. सभेत न सांगितलेली.

मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला सरांचा नंबर माहीत होता. आपल्या हॉस्पिटलचा रस्ता तुमच्या पायाखालचा होता. अख्ख्या जिल्ह्याच्या नडग्या दाबल्यात, स्वतःच्या नडगीवरचा खड्डा तुम्हाला दिसलाच असणार. मग सरळ का नाही म्हणालात, की गाढवा, माझ्या पायाला सूज आहे? की तुम्हालाही वाटलं होतं की पेशंटनं आपणहून काय सांगायचं, फोन करणाऱ्यानं ओळखायला हवं? की मी ओळखतो का, ते बघत होतात? हा वाद मी रोज घालतो आणि रोज हरतो. तुम्ही सांगितलं होतंत. आपल्या दोघांनाच ठाऊक असलेल्या शब्दांत सांगितलं होतंत, आणि ते शब्द शिकायला मला दोन वर्षं मिळाली होती.

आभार मानायचे तर कशाकशाचे मानू. निकमकाका अजून आहेत, मिशीची गोष्ट अजून सांगतात, ती आता एका दमात सांगतात. बातमी कळल्यावर काकूंनी फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, "त्या विचारायच्या तसं आता कोण विचारेल?" मी म्हणालो, मी विचारेन. त्या म्हणाल्या, "हो का," आणि त्यांच्या आवाजात माझ्यावर फार विश्वास नव्हता. तो मी कमावलेला नाही.

परवा सरांकडे गेलो. निकमकाकांची गोष्ट सांगितली, मीटिंगमध्ये सांगायची होती ती, जशीच्या तशी. मग चपलांची सांगितली. ती सांगताना मला कुठलाही आवाज काढता आला नाही. सरांनी उठून खिडकीतून खाली पार्किंगकडे बघितलं. म्हणाले, "दोन गाड्यांची जागा देतो. महिन्यातला पहिला गुरुवार." दोनच गाड्या. तुम्ही म्हणाल, हे तेव्हा मिळालं असतं. हो, मिळालं असतं.

आज गुरुवार होता. दारावर नाव असलेल्या त्या खोलीत बसायच्या आधी वॉर्डातून चिकटपट्टीचे दोन तुकडे मागून आणले आणि फोनच्या पाठीवर फुली मारली. पहिला नंबर सटाण्याच्या एका बाबांचा, तुमच्या पिकअपमधल्या तिघांपैकी उरलेले एक.

"कसं काय, बाबा?"

"बठं बेस शे."

मी काही बोललो नाही. पलीकडे श्वास ऐकू येत होता. किती वेळ गेला कोण जाणे, मला तो फार वाटला.

"हॅलो? शे का कोन्ही?"

"आहे, बाबा. तुम्ही बोला."

"काही नही, तेच," ते म्हणाले, आणि थांबले, आणि हसले.

मी त्या हसण्यात काही घातलं नाही. वहीत लिहिलं, वाक्य तुटलं. मग विचारलं, "बाबा, चपला बसतात का?"